एलीला देऊन टाका

व्हर्नाने टेबलावरची मिठाची बाटली उचलली आणि आपल्या कॉफीच्या कपाआड ठेवली.

"याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "बाकी काय द्यायचं ते द्या."

मीठ म्हणजे एली, गावच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा. मिरपुडीची बाटली म्हणजे स्टीमर्स या वरच्या, मोठ्या संघाचा तो उंच पिचर, चेंडू फेकणारा, साखरेच्या पुड्या म्हणजे खालच्या संघांतली होतकरू पोरं, आणि टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला उभी केलेली केचपची बाटली म्हणजे स्टीमर्सना हवा असलेला दुसऱ्या संघातला डावखुरा पिचर. जुलैचा शेवटचा आठवडा. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत शुक्रवारी संपत होती आणि केलर्सबर्गच्या कॅफेत, खिडकीजवळच्या टेबलावर, रोज सकाळी हाच कारभार चालला होता. संघाचे मालक शहरात बसत. पण संघ चालवतो तो आपणच, अशी या टेबलाची ठाम समजूत होती.

"मीठ दिल्याशिवाय केचप यायचं नाही," मर्ल म्हणाला. मर्ल तिचा धाकटा भाऊ, बियाण्यांचं दुकान चालवायचा. "कचरा घेऊन कोण सोनं देतं?"

"मिरी द्या."

"मिरीचा खांदा गेलाय. माझ्या दुकानात दाढीला येणाऱ्यालासुद्धा ठाऊक आहे," ऑर्विन न्हावी म्हणाला.

"मग वर एक साखरेची पुडी घाला. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा."

"अगं, पण एलीला ठेवून करायचं काय?" मर्लने हात पसरले. "वरच्या संघाने स्वतःच्या शॉर्टस्टॉपला दहा वर्षं बांधून घेतलंय. पंचवीस वर्षांचा आहे तो, घोड्यासारखा धडधाकट. एली वर जाऊन काय त्याला पाणी पाजणार?"

"उद्या त्याचा पाय मुरगळला तर? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं हे तुमचं जुनंच आहे."

"तुझ्या घरी राहतो म्हणून तुला पुळका."

"असू दे पुळका," व्हर्ना म्हणाली. "आज चारला रेडिओवर फोन करते आणि सांगते त्यांना."

ती सांगणार यात कोणाला शंका नव्हती. स्टीमर्सवरच्या गप्पांचा तो कार्यक्रम रोज दुपारी लागायचा, आणि केलर्सबर्गच्या व्हर्नाचा आवाज त्याच्या निवेदकाला स्वतःच्या बायकोइतका ओळखीचा झाला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा उभा जन्म पोरांना ओरडण्यात गेलेला. फोनवर तिचं बोलणं कोणी मध्येच तोडू शकत नसे.

केलर्सबर्गचा संघ म्हणजे स्टीमर्सच्या खालची पायरी. इथे खेळायचं, आणि वरून बोलावणं येईल म्हणून वाट बघायची. पगार बेताचा, म्हणून मोसमात पोरांना गावातले लोक आपापल्या घरी ठेवून घेत. एलिएसर मोन्तान्यो डोमिनिकन रिपब्लिकमधून आला तो व्हर्नाच्या वरच्या खोलीत. गावाने त्याचा एली केला. हा त्याचा दुसरा उन्हाळा. नवरा गेल्यापासून व्हर्ना सिंकपाशी उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायची आणि त्याला जेवण म्हणायची. एली आला आणि ती पुन्हा टेबलावर बसून जेवू लागली. तो गेला तर घर खायला उठेल, हे तिला पक्कं माहीत होतं. त्यामुळे तिचा पुळका पुळकाच होता, पण निव्वळ बेसबॉलचा नव्हता.

दुपारी ती मागच्या पायऱ्यांवर मक्याची कणसं सोलत बसली होती, तेव्हा एली मैदानावरून आला. काखेत एक खोकं होतं. ते त्याने पायरीवर ठेवलं आणि न सांगता एक कणीस उचललं.

"काय रे ते?"

"ग्लव्ह. वरून पाठवलाय."

तिने झाकण उघडलं. नवाकोरा, लांब बोटांचा ग्लव्ह. शॉर्टस्टॉपचा हातमोजा लहान असतो, चेंडू चटकन काढता यावा म्हणून. हा लांबच्या मैदानात उभं राहणाऱ्याचा होता.

"डावीकडे लांब उभं राहायला शीक म्हणाले," एली म्हणाला. "तिकडे जागा होऊ शकते. कदाचित."

"बघ, विचार करतायत तुझा," व्हर्ना म्हणाली. "आणि ऐक, सकाळी मी त्या दोघांना चांगलं सुनावलं. एलीला कुठे पाठवायचा नाही. आता चारला रेडिओवर पण सांगणारे."

"थँक्यू, दोन्या व्हर्ना." दोन्या म्हणजे त्याच्या स्पॅनिशमध्ये मानाने 'बाई'.

तो हसला, अगदी नीट, पाहुण्यासारखा. मग मान खाली घालून कणसाचे केस काढू लागला. कणीस केव्हाच साफ झालं होतं. तरी त्याची बोटं दाण्यांवरून फिरत राहिली.

व्हर्नाला आतून काहीतरी लागलं. शाळेत अशी पोरं तिने पुष्कळ पाहिली होती. भूक असूनही ताट पुढे न करणारी.

"आज ऊन फार होतं ना," ती म्हणाली.

"हो."

"सराव बरा झाला?"

"हो."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिने हातातलं कणीस टोपलीत टाकलं.

"एली, तुला इथे आवडत नाही का?"

"आवडतं," तो म्हणाला. "म्हणून तर काही बोलत नाही."

मग तोच सांगू लागला, तिच्याच टेबलावर शिकलेल्या तिच्या भाषेत, शब्द शोधत.

"आई फोनवर विचारते, टीव्हीवर कधी दिसणार. मी सांगतो, माझ्या जागेवर दुसरा आहे, आणि तो चांगला आहे. ती म्हणते, एवढं मोठं मैदान आहे, दोघं जरा सरकून उभे राहा."

व्हर्नाला हसू आलं.

"आणि लांब उभं राहिलास तर?"

"राहीन. सांगतील तिथे राहीन." त्याने खोक्याचं झाकण लावलं. "पण दोन्या, तिथे चेंडू येईपर्यंत वाट बघायची असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये चेंडू यायच्या आधी माझे पाय निघालेले असतात. मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून तिथेच उभा आहे. मला दुसरं येत नाही."

"मग दुसऱ्या संघाने तुला नेलं तर?"

त्याने कणीस टोपलीत ठेवलं आणि आंघोळीला वर गेला. जाताना खोकं तसंच पायरीवर राहिलं.

चारला फोन लावायचा म्हणून व्हर्ना स्वयंपाकघरात बसली, आणि फोन न लावता बराच वेळ नुसती बसून राहिली. स्वतःचाच राग येत होता तिला. महिनाभर ती या मुलासाठी सगळ्या गावाशी भांडली, आणि त्याला काय हवंय हे विचारायचं मात्र राहूनच गेलं. त्याच्या पानात वाढून वाढून वर दाराला कडी घालत होते मी, असं तिच्या मनात आलं. मग तिने नंबर फिरवला.

"केलर्सबर्गच्या व्हर्ना आहेत आपल्याबरोबर," निवेदक खुशीत म्हणाला. "बोला व्हर्ना, आज कोणाची खैर नाही?"

"एलीला देऊन टाका."

निवेदकाची खुशी उतरली.

"मोन्तान्योला? गेल्या आठवड्यात तर तुम्हीच..."

"म्हणाले होते. चुकलं माझं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि तुमची एक तलवार दहा वर्षं तिथून निघायची नाही. ज्यांचा शॉर्टस्टॉप थकलाय अशा कोणाला तरी द्या त्याला. आणि त्याला ते लांबचे ग्लव्ह पाठवू नका. पोरगा नाही म्हणायचा नाही, शिकेल. आणि तुम्ही एका चांगल्या शॉर्टस्टॉपचा सुमार काहीतरी करून ठेवाल."

"पण तो जाईल तेव्हा तुम्हाला..."

"मला काय होईल ते माझं मी बघेन," व्हर्ना म्हणाली आणि फोन ठेवला.

तो खणखणायला मिनिटही लागलं नाही. मर्ल होता. तो आणि ऑर्विन न्हाव्याच्या दुकानात रेडिओला कान लावून बसले होते.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," मर्ल म्हणाला. "भांडलात का दोघं?"

"नाही."

"मग डोकं फिरलंय का तुझं?"

"आत्ता कुठे ताळ्यावर आलंय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. मर्ल जरा खालच्या आवाजात म्हणाला, "रात्री मॅचला घ्यायला येतो तुला. जाकीट घे."

व्हर्नाच्या फोनमुळे काही झालं असं कोणी समजू नये. मोठ्या संघाचे साहेब गावच्या बाईचं ऐकून खेळाडू देत-घेत नाहीत. ऑर्विन मात्र आजही शपथेवर सांगतो की तिच्यामुळेच झालं, आणि त्याच्या हातात वस्तरा असताना कोणी वाद घालत नाही.

गुरुवारच्या मॅचला पाचव्या डावाच्या मध्यावर मैदानाच्या कडेने एक पोरगा धावत आला, एलीच्या जागेवर जाऊन उभा राहिला, आणि एलीला आत यायची खूण झाली.

"लागलं की काय त्याला?" ऑर्विन म्हणाला.

"लंगडत नाहीये," मर्ल म्हणाला.

एली हळूहळू चालत बाकांपाशी पोचला. प्रशिक्षकाने त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. मग त्याला मिठी मारली. मग कॅचरने मारली. मग बाकावरचे सगळे एकेक करून उठू लागले. मॅच सुरू असताना एवढ्या मिठ्या एकाच कारणासाठी असतात, आणि ते कारण केलर्सबर्गच्या शेंबड्या पोरालाही कळतं: खेळाडू दुसऱ्या संघाला दिला गेला. पुढच्या रांगेतून कुजबुज निघाली ती वरपर्यंत गेली.

मर्लने टोपी काढून मांडीवर ठेवली. व्हर्ना उभी राहिली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. तसं ते आलंही, पण तिचे हात टाळ्या वाजवत होते, जोरजोरात, तळवे दुखेपर्यंत. आजूबाजूचे लोक आधी तिच्याकडे बघत राहिले आणि मग तेही उठले.

एली जाळीपाशी आला. चेहरा भांबावलेला होता, आणि त्या भांबावण्याच्या आत कुठेतरी हसू दडत नव्हतं.

"गल्सनी घेतलं मला," तो म्हणाला. "सकाळचं विमान. सरळ त्यांच्या मोठ्या संघात."

"त्यांच्याकडे तुझ्या जागेवर कोण रे?"

"मुलरूनी. सदतीस वर्षांचा. गुडघे गेलेत, पण फार चांगला माणूस आहे, दोन्या. सगळं शहर जीव टाकतं त्याच्यावर."

"बरं," व्हर्ना म्हणाली. जाळीच्या भोकातून तिची दोन बोटं जेमतेम बाहेर आली. ती त्याने धरली. "पोचल्यावर आधी आईला फोन कर. मग मला."

त्याने त्याच क्रमाने फोन केले.

घर खायला उठलं, ते उठायचंच होतं. पण व्हर्ना टेबलावर बसून जेवत राहिली. आठवडाभराने तिला कळलं की सूर्य कलला की जुन्या रेडिओवर गल्सच्या सरोवराकाठच्या शहराचं स्टेशन खरखरत लागतं. तिने काटा हलवत ते पकडलं आणि ताट पुढ्यात घेऊन बसली. मुलरूनी खेळत होता. दुसऱ्या दिवशीही मुलरूनीच. एलीला एकदा शेवटच्या डावात आणलं. त्याने दोन चेंडू अडवले, आणि निवेदक म्हणाला, पोराचे पाय बघा, चेंडू यायच्या आधीच निघालेले असतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा मुलरूनी. त्याच्याकडून एक सोपा चेंडू निसटला, तर अख्खं मैदान त्याला धीर द्यायला टाळ्या वाजवू लागलं. त्या टाळ्या व्हर्नाने लक्ष देऊन ऐकल्या. तिला त्या चांगल्याच ओळखीच्या होत्या.

मॅच संपून तिथल्या लोकांच्या गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तिने ताट बाजूला सारलं आणि परगावचा नंबर फिरवला.

"नमस्कार, कोण बोलतंय?"

"मी व्हर्ना. केलर्सबर्गहून. तुमच्याकडे पहिल्यांदाच फोन करतेय."

"बोला, व्हर्ना."

तिने खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या मुलरूनीबद्दल बोलायचंय," ती म्हणाली. "माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, आणि तुमचा किती जीव आहे त्याच्यावर ते मी आत्ताच ऐकलं. म्हणूनच विचारते. त्याला काय हवंय, ते कोणी विचारलंय का त्याला?"