मनाजोगी भेट

दसरा झाला की भिकाजीशेटांच्या माजघरात पाय ठेवायला जागा उरत नसे. रत्नागिरीत नाचणे गावाच्या रस्त्याला त्यांचा काजूचा कारखाना होता आणि त्याला लागूनच घर. मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाठवायच्या दिवाळीच्या भेटी याच घरात बांधल्या जात. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, फणसपोळ्या, सुतळीचे गुंडे, जुनी वर्तमानपत्रे. आणि या पसाऱ्याच्या मधोमध सूनबाई विमला. एक डोळा हातातल्या शिवणावर, दुसरा पाळण्यातल्या तीन महिन्यांच्या कुमुदवर.

भिकाजीशेटांना घरात सगळे तात्या म्हणत. भेटी निवडायच्या बाबतीत तात्यांचा मोठा कटाक्ष. "सगळ्यांना एकसारखे डबे पाठवायचे म्हणजे रेशन वाटल्यासारखं," ते म्हणत. "ज्याला जे हवं तेच दारात पोचलं, तर माणूस वर्षभर आपल्याला विसरत नाही. काय सूनबाई?"

विमलाला हे काम मनापासून आवडे. मे महिन्यात व्यापारी मंडळी बायकामुलांसह भाट्याच्या समुद्रावर यायची, जेवायला घरी उतरायची. वाढता वाढता विमला ऐकत असे. कोणाची आई गुहागरची, तिला फणसपोळी दिसली की माहेर आठवतं. कोणाला मधुमेह, त्याला कोकम बिनसाखरेचं हवं. कोणाची मुलगी शंखशिंपले गोळा करते. ते सगळं ती मनात ठेवी आणि दिवाळीला बरोबर बाहेर काढी. "माझ्या सुनेच्या हातून गेलेली भेट परत बोलते," असं तात्या चारचौघांत सांगत, आणि विमला लाजून पदर सारखा करी.

यंदा अडलं होतं ते एका केशवशेटांपाशी. मशीद बंदरला त्यांची पेढी. कारखान्यातले निम्मे काजूगर त्यांच्याकडे जायचे.

"चांदीचे पेले त्यांच्याकडे कपाटभर असतील," तात्या म्हणाले. "काहीतरी मनाजोगं हवं."

"मी त्यांच्या बाळाला गोधडी शिवलीय," विमला म्हणाली. "माझ्या आईच्या मऊ लुगड्याची. परवा ट्रंककॉल लागला तेव्हा वहिनी किती दमलेल्या वाटल्या! बाळ सारखं रडतं म्हणे, आणि धरायला घरात माणूस नाही. मला तर त्यांची कीव आली."

तात्यांचा सुतळीवरचा हात थांबला. त्यांनी पाळण्याकडे पाहिले. पाळण्याची दोरी जनीच्या हातात होती. कारखान्यात काजू फोडणाऱ्या गंगाची ही दहा वर्षांची पोर. आईबरोबर यायची आणि दिवसभर कुमुदला आंदुळायची. तोंडाने कसलंसं गाणं चालू होतं, त्यात कुमुदचं नाव कुठेही घुसवलेलं.

"ही पोर बाळाला छान सांभाळते, नाही?"

"छान म्हणजे? कुमुद तर तिच्याशिवाय डोळा मिटत नाही," विमला हसून म्हणाली.

केशवशेटांची भेट ठरली ती या वाक्यावर. विमलाला ते संध्याकाळी कळले, तात्यांनी गंगाला पडवीत बोलावले तेव्हा.

गंगा हात पदराआड लपवून उभी राहिली. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिची बोटं काळी पडून सालपटं निघाली होती. राखेत कितीही घोळले तरी ते तेल सोडत नाही. तिचा नवरा महिपत मुंबईला गिरणीत होता. संप लांबला आणि तो गावी येऊन बसला, तेव्हापासून घर त्या काळ्या बोटांवर चालले होते.

"मोठं घर आहे गंगे," तात्या म्हणाले. "दोन वेळ पोटभर, अंगावर चांगलं. नुसतं बाळाला खेळवायचं. इथं राहून पोरगी काय करणार? उद्या तुझ्याशेजारी बसून काजूच फोडणार ना?"

गंगाने बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहिले. "शेटनू, तिचे हात काले व्हनार न्हाईत ना?"

"अगं, हात कसले काळे होतात! पांढरेशुभ्र राहतील."

"मग न्या," गंगा म्हणाली.

विमला तात्यांशी बोलायला गेली, पण सासूबाई येसूबाईंनी तिला स्वयंपाकघरातच अडवले. "तूच सुचवलंस, आता तूच तोंड वाकडं करतेस? पोर सुखात पडेल. उगाच नाट लावू नकोस."

विमलाला ते थोडं पटलं. थोडं तिने पटवून घेतलं. तिने जनीला फुलाफुलांचा झगा शिवला, केसांना तेल चोपडून लाल रिबिनी बांधल्या. टेम्पोत खोक्यांच्या मध्ये गोधडीची घडी होती, तिच्यावर जनी बसली.

"वैनीनू, मी नसलंय तर कुमुदला झोप येल काय?"

"येईल गं. तू नीट राहा."

"त्या बालाचा नाव काय हाय? गान्यात घालूक व्हया."

विमलाला ते नाव ठाऊक नव्हते. टेम्पो सुटला.

दिवाळीनंतर केशवशेटांचा फोन आला. तात्या रिसीव्हर कानाला लावून उभ्या उभ्या हसत होते. "भेट एकदम पसंत पडली म्हणे!" त्यांनी घरभर सांगितले. "वहिनी म्हणाल्या, आजवर इतकं विचार करून कोणी काही दिलं नव्हतं." त्या वर्षी काजूगरांची मागणी वाढली. कारखान्याला नवी शेड आली. गंगा अधूनमधून विचारायची, "माज्या बायची काय खबर?" आणि तात्या म्हणायचे, "मजेत आहे."

पुढचा दसरा झाला. माजघर पुन्हा भरले. मुंबईहून काजूचे रिकामे डबे घेऊन टेम्पो परत आला आणि ड्रायव्हर बाबल्याने मागचे फळकुट पाडले. डब्यांच्या खणखणाटातून जनी खाली उतरली. डोकं भादरलेलं. अंगात तोच फुलाफुलांचा झगा, आता गुडघ्याच्या वर गेलेला.

बाबल्या तात्यांशी बोलताना जमिनीकडे बघत होता. "केशवशेटांनी सांगितलंय, ही ठेवून घ्या. हल्ली नुसती थरथरते, कामाची नाय उरली. दुसरी द्या म्हणाले. लहान असली तरी चालेल, लहान असली की लवकर वळण लागतं."

तात्यांनी जनीकडे डाग पडलेल्या मालाकडे पाहावे तसे पाहिले. मग त्यांची नजर कारखान्याच्या दाराशी गेली. तिथे चिमा उभी होती, जनीची धाकटी बहीण. आठवं वर्ष नुकतंच लागलेलं.

गंगा धावत आली. तिने लेकीला जवळ घेतले आणि पहिल्यांदा तिचे हात उलटसुलट करून पाहिले. हात गोरे होते, मऊ होते, नखं नीट कापलेली होती. "बगा वैनीनू!" ती रडत हसत म्हणाली. "हात बगा माज्या बायचे! बामनाच्या पोरीवानी हायत!"

आणि तात्यांनी चिमाचे नाव काढताच तिने तिथल्या तिथे होकार दिला.

विमलाने जनीला न्हाणीघरात नेले. ऊनऊन पाणी काढले, झगा वर ओढला, आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

पाठीवर बोट ठेवायला जागा नव्हती. वळांवर वळ; काही जुने, काही ओले. खांद्यापासून कमरेपर्यंत, झग्याच्या आत बरोबर झाकले जातील तिथवर. हात तेवढे जपले होते. हात बाळाला धरायला लागत होते.

"जने, कोणी गं? कशाने?"

तेवढ्यात माजघरात कुमुद झोपेतून उठून रडू लागली. ते ऐकताच जनी उघडीच न्हाणीच्या कोपऱ्यात शिरली, भिंतीकडे तोंड करून खाली बसली, आणि पाठ पुढे केली.

"मी नाय रडवला, बाई," ती भराभर म्हणू लागली. "मी नाय रडवला. मी गाना म्हनतंय. मी गाना म्हनतंय."

आणि ती खरंच गाऊ लागली.

विमलाने हाक मारून गंगाला आत आणले. गंगाने लेकीच्या पाठीवर हात फिरवला. तेलाने जळलेल्या त्या बोटांना काही लागेना. मग तिने वाकून डोळ्यांनी पाहिले. तिच्या घशातून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. वाशाखाली सापडलेल्या मांजराच्या आवाजासारखा होता.

बाहेर टेम्पो भरत आला होता. येसूबाईंनी चिमाच्या केसांत लाल रिबिनी बांधल्या होत्या. तात्या सांगत होते, "नीट बस हो बाळ, खोक्यांना पाय लावू नकोस."

विमला अंगणात आली ती कडेवर कुमुदला घेऊन. तिने एका हाताने चिमाला खाली उतरवले आणि तिच्या जागी, खोक्यांच्या मध्ये, कुमुदला बसवले.

"सूनबाई, हे काय?"

"केशवशेटांची भेट. हिला पाठवा."

"डोकं फिरलंय का तुझं? दीड वर्षाची नाही अजून!"

"लहान असली की लवकर वळण लागतं," विमला म्हणाली. "मनाजोगी वस्तू द्यायची ना तात्या? मग आपल्या घरातली द्या. गंगेच्या घरातली देऊन आपला मोठेपणा कसला? आत जा, न्हाणीत बसलीय आपली मागच्या वर्षीची भेट. तिची पाठ बघून या. मग सांगा बाबल्याला, गाडी सोड म्हणून."

काजू फोडणाऱ्या बायका हातोड्या हातात धरून दारात आल्या होत्या. कुमुदला काय चालले आहे ते कळेना; ती एका खोक्यावर थापट्या मारीत होती.

"गिऱ्हाईक जाईल," तात्या हळूच म्हणाले.

"जाऊ दे."

तात्या न्हाणीकडे गेले नाहीत. पाठ पाहायची त्यांची छाती झाली नाही. पण त्यांनी पुढे होऊन नातीला उचलले, आणि बाबल्याने विचारायच्या आतच फळकुट लावून टाकले. टेम्पो गेला तो नुसती खोकी घेऊन.

जनी आता विमलाच्या घरीच असते, कामाला नव्हे. सकाळी ती आणि चिमा पाटीदप्तर घेऊन शाळेत जातात. विमला स्वतः पोचवते. येसूबाई विमलाशी बोलत नाहीत. केशवशेटांचं गिऱ्हाईक खरंच गेलं. ते दुसऱ्या एका कारखानदाराकडे वळले, आणि त्याने त्यांना दिवाळीला काय पाठवले ते बाबल्याने येऊन सांगितले. नऊ वर्षांची आहे. नाव त्याला माहीत नव्हते. विमला आता ते नाव शोधते आहे. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून विचारते. नाव कळलं की गाव कळेल, गाव कळलं की आई सापडेल, आणि मग गंगाला बरोबर घेऊन ती त्या आईच्या दारात जाणार आहे.

कुमुद अजून दुपारची उठून रडते, सगळीच बाळं रडतात तशी. विमला धावते, पण आधी जनीकडे. तिची भिंतीकडे वळलेली पाठ ती छातीशी धरते आणि मग लेकीला उचलते.

वाचणाऱ्या ताई, आज तुमचं बाळ रडेल. त्याला उचलायच्या आधी एकदा मागे वळून पाहा. घरात कोण दचकलं?