रविवारचं तेल

मित्रांनो, मला या घरात सगळे ‘लाल खोका’ म्हणतात. लाल रंग आता फक्त हँडलच्या खाली उरला आहे, पण नाव मात्र टिकलं. मी वेल्डिंगचं मशीन आहे. घरी वापरतात तसलं, धाकट्या चणीचं. माझ्या पोटात तारेचं रीळ असतं. दोन रोलर ती तार चिमटीत धरून पुढे ढकलतात. केबलमधून ती हातात धरायच्या गनच्या टोकाशी येते, ठिणगी पडते, तार वितळते आणि लोखंडाला लोखंड जोडलं जातं. माझं सगळं आयुष्य त्या तारेच्या न अडखळता पुढे जाण्यावर अवलंबून आहे.

जन्माचं फारसं आठवत नाही. कारखान्यात एका बाईनं माझे स्क्रू आवळले आणि कोणीतरी पाठीवर ‘पास’ असा शिक्का मारला. एवढंच माझं शिक्षण.

मला घरी आणलं बाबांनी. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मागच्या शेडमध्ये मला ठेवून त्यांनी फाटकाच्या बिजागऱ्या जोडल्या, शेजारच्यांचा पाळणा जोडला, आईंच्या शिवणयंत्राला स्टँड केला. आई म्हणजे त्यांची बायको. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांनीच शिवलेले.

“अहो, घरातलं लोखंड संपलं की माणसं जोडायला घ्याल,” त्या म्हणायच्या.

“तुझी जीभ जोडून घेतो आधी,” बाबा म्हणायचे, आणि दोघंही हसायची.

सूनबाई माझं काम शिकली ती बाबांकडूनच. ते तिला सांगायचे, “डोळ्यांवर काळी काच आहे, तेव्हा कानानं बघ. कढईत तळल्यासारखा एकसारखा आवाज आला की समज, खोका खूश आहे.”

मग बाबा गेले. शेडला कुलूप लागलं. माझ्यावर धूळ बसली, माझ्या केबलचं कोणीतरी घट्ट वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. फक्त आई यायच्या, दर रविवारी सकाळी, बाकीचे झोपलेले असताना. हातात फडकं आणि शिवणयंत्राच्या तेलाची बारकी डबी. मला पुसायच्या, झाकण उघडायच्या, रोलरवर आणि रिळावर तेल सोडायच्या. “यांचा जीव होता रे तुझ्यात,” म्हणायच्या. मला ते फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि मग आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी साफ सांगितलं, की दारातल्या पायऱ्यांना धरायला रेलिंग नसेल तर घरी न्यायचं नाही. नसेल तर सरळ मोठ्या मुलीकडे, दुसऱ्या गावी; आणि बरं वाटेपर्यंत तिथेच. आईंनी दवाखान्यातून निरोप धाडला, “मुलगी गुणाची आहे, पण मला माझ्या घरी यायचंय.” फॅब्रिकेशनवाला म्हणाला, पुढच्या आठवड्याआधी जमणार नाही. आईंना तर उद्याच सोडणार होते.

सूनबाईनं पाइप कापून आणले, शेडचं कुलूप काढलं आणि मला बाहेर ओढलं.

मित्रांनो, मी जिवाचं रान केलं, पण तार काही सरळ येईना. जरा यायची, अडायची, पुन्हा हिसका देऊन यायची. तळणीचा आवाज कुठला, नुसतं फट्‌ फट्‌! मध्येच तार मागे जळत जाऊन गनच्या तांब्याच्या टोकात चिकटून बसायची. सूनबाईनं टोक बदललं. तरी तेच. मग तिनं रोलरचा दाब वाढवला, अजून वाढवला. पुढे वाट नाही आणि मागून ढकलणं चालू. तार रोलरपाशीच गोळा होऊन तिचा हा गुंता झाला.

तिचा नवरा डोकावला. “अगं, चिमणीनं घरटं केलंय का आत?”

“तू जा बरं इथून.”

“जातो. पण त्याचे दिवस भरलेत. उद्या भंगारात देऊ. आईला ताईकडे सोडतो, महिन्याभराचा तर प्रश्न आहे.”

“आईंना सांगशील तू हे? त्यांच्या तोंडावर?”

तो मान खाली घालून आत गेला. भंगारवाल्याची हाक मला रोज ऐकू येते.

सूनबाईनं माझा प्लग काढला, गुंता कापून टाकला आणि केबल जमिनीवर सरळ पसरली. गनचं टोक काढून, रोलर मोकळे करून, तिनं नवी तार नुसत्या हातानं केबलमध्ये सरकवून पाहिली. अर्ध्यातच अडली. “म्हणजे ढकलणाऱ्याचा दोष नाही,” ती म्हणाली, “वाटच तुंबलीय.”

केबलच्या आत स्प्रिंगसारखी एक बारीक नळी असते, लायनर म्हणतात तिला. तार तिच्यातूनच जाते. सूनबाईनं ती उपसून काढली. आतून काळा चिकट लगदा निघाला. तिनं बोटावर घेतला आणि वास घेतला. मग एकदम फोन लावला.

“आई, तुम्ही लाल खोक्याला तेल घालता का हो?”

“घालते की!” पलीकडून आवाज खणखणीत आला. “दर रविवारी. चांगलं सढळ हातानं. का गं, कमी पडलं का?”

सूनबाई तोंडावर हात ठेवून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. “नाही आई. पुरून उरलं.”

झालं होतं ते एवढंच. तेलानं रोलर घसरत होते. तेच तेल तारेवरून आत झिरपून धुळीला आणि धातूच्या चुऱ्याला धरून बसलं होतं. मी म्हातारा झालो नव्हतो, मित्रांनो. माझा फक्त घसा बसला होता! ते कळल्यावर मला जे हायसं वाटलं, ते लोखंडाच्या भाषेत सांगता येत नाही.

“अरे, हार्डवेअरवाल्याकडे पळ,” तिनं नवऱ्याला सांगितलं. “नवा लायनर आण आणि तारेचं रीळ.” तो खरोखर पळाला. तिनं रोलर पुसून कोरडे खडखडीत केले, लायनर बसवून मापानं कापला. दाब अगदी सैल ठेवून गन लाकडाच्या तुकड्यासमोर धरली आणि रोलर न घसरता तार लाकडाला टेकून वळेपर्यंतच तो हळूहळू वाढवला. मग काच डोळ्यांवर ओढली.

चर्रर्रर्र... एकसारखा.

“हा आवाज!” दारातून नवरा म्हणाला. संध्याकाळपर्यंत रेलिंग उभं राहिलं. त्यानंच ते दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. जराही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्येच होतो, पण ऐकत होतो. रिक्षा थांबली. काठी टेकल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग आईंचा आवाज, वरच्या पायरीवरून: “आले गं बाई घरी.”

चालायला लागल्यावर त्या मला भेटायला आल्या, सूनबाईचा हात धरून. ओशाळल्या होत्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मग याला लागतं तरी काय?”

“कोरडं फडकं, आई. वर एखादं झाकण. आणि केबलचं सैल वेटोळं.”

“एवढंच? मग आधी नाही का सांगायचं मेल्यानं!”

मित्रांनो, आम्हाला सांगता येत नाही, हीच तर अडचण आहे. म्हणून तुम्हीच विचारत जा. घरात जे कोणी मुकाट्यानं काम करत असेल, त्याच्यावर माया जरूर करा, पण त्याला काय सोसतं ते आधी माहीत करून घ्या. माझ्यापुरतं म्हणाल, तर ते माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं आहे. इतकी वर्षं कोणी वाचलं नव्हतं. परवा आईंनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं आहे.