पडद्यावर शिकलेली रब्बी आणि मी

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या सिनेगॉगमधली, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरातली, एक जुनी वाचनकाठी आहे. चांदीची आहे आणि टोकाला इवलासा हात आहे, एक बोट पुढे काढलेला. तोरा या आमच्या पवित्र ग्रंथाला माणसाचं बोट लागू नये म्हणून वाचताना ओळीवरून मला फिरवतात. पूर्वी माझं फार कौतुक व्हायचं. मग आमचे शेवटचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मुलाकडे फ्लोरिडाला गेले आणि सहा वर्षं मी खणात काळी पडले.

त्यानंतर शुलामित कार्प आल्या. आयुष्यभर नर्स. नोकरी सांभाळून पाच वर्षं संगणकाच्या पडद्यासमोर धर्मशास्त्र शिकल्या आणि तीन रब्बींनी परीक्षा घेऊन त्यांना रब्बी केलं. सहा महिने बघू, मग ठेवायचं की नाही ते मतदानाने ठरवू, असं आमच्या मंडळींनी ठरवलं. मला पहिल्या दिवसापासून शंका. पडद्यात बघून कोणी पोहायला शिकतं का? त्या कुठे अडखळतात याची मी वाटच बघायचे. अडखळल्या नाहीत की वाटायचं, घोकून आल्या असणार.

अध्यक्ष लाझरकाका माझ्याच मताचे. "माझा दातांचा डॉक्टरसुद्धा यांच्यापेक्षा जास्त शिकलाय!" असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे.

एका शनिवारी वाचन संपलं. आता ग्रंथ उंच धरून सगळ्यांना दाखवायचा. एक्क्याऐंशी वर्षांचे लाझरकाका हट्टाने पुढे झाले, तोल गेला आणि ग्रंथासकट ते खाली आले. सगळे ग्रंथाकडे धावले. शुलामित मात्र काकांपाशी जाऊन बसल्या. मला संताप आला. खरा रब्बी आधी ग्रंथ उचलेल!

ग्रंथ पडला तर चाळीस दिवस दिवसाउजेडी उपास, अशी आमची रीत. काका रडत म्हणाले, "मीच पाडला. चाळीसही मीच धरणार."

"तुम्ही इन्शुलिन घेता. एकही धरायचा नाही."

"हे नर्स सांगतेय?"

"नर्सचं तुम्ही कधी ऐकलंय? रब्बी सांगतेय. जीव धोक्यात घालून उपास करायला शास्त्राचीच मनाई आहे. चाळीस दिवस आम्ही चाळीस जण वाटून घेऊ."

"आणि मी काय भिंतीकडे बघत बसू?"

"रोज संध्याकाळी उपाशी माणसाला तुमच्या हातचं सूप पाजा."

ते चाळीस दिवस शुलामित रोज दुपारी काकांच्या घरी जायच्या आणि त्यांना समोर बसवून जेवायला लावायच्या. चोरून उपास धरतील, असा त्यांना पक्का संशय होता. काकांनी तशी खरंच दोनदा लबाडी केली होती.

मतदानाच्या दिवशी शुलामितना ठेवायच्या बाजूने पहिला हात काकांचा वर गेला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढंच मागणं. नव्या माणसावर शंका घ्या, जरूर घ्या. पण कोणी पडलं की तो आधी कोणाकडे धावतो, तेही बघा. मी बघत होते, आणि तरीही त्यांच्यावरच चिडले, याची मला लाज वाटते.