अंगणात आलेला पलंग

मीराबाईंच्या घरी येणारं माणूस उंबऱ्याबाहेरच चप्पल काढायचं, कोणाला सांगावं लागत नसे. फरशीच तशी लखलखीत असायची. पोंभुर्ण्याच्या त्या वस्तीत स्वच्छतेचा विषय निघाला की त्यांचंच नाव पुढे यायचं. ही सवय त्यांच्या आईची. "आपल्या घरी कोणाले नाक मुरडायले जागा नाई ठेवाची," असं आई म्हणायची. ती असं का म्हणते, हे मीराबाईंना लहानपणीच शाळेत आणि गावच्या विहिरीवर कळून चुकलं होतं.

म्हणून सुनेनं, नूतननं, त्या सकाळी जे म्हटलं, ते त्यांना फार लागलं.

नात संबोधी आजीजवळच झोपायची. चार वर्षांची पोर. गेले काही दिवस ती उठायची तीच अंग खाजवत. मीराबाईंनी मच्छरदाणी बांधली, कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ घातली, दवाखान्यातून मलम आणलं. तरी गांधी उठतच होत्या. नूतन घरी शिलाई करायची. तिनं पोरीचा फ्रॉक वर केला, पाठ उजेडाकडे वळवली आणि बोट फिरवत म्हणाली, "आई, पाहा बरं. मच्छर कुठीबी चावते. हे तर टाके घातल्यावानी एका रांगेत हाय. मले वाटते, पलंगात ढेकूण झाले."

"माह्या घरात?" मीराबाईंचा आवाज चढला. "मी बी त्याच पलंगावर झोपतो ना? मले काऊन नाई चावत?"

"चावत असतीन. सगळ्यांच्याच अंगावर गांधी नाई उठत."

"तू तुह्या मशिनीवर बस," एवढंच बोलून त्या भांडी घासायला गेल्या.

दुपारी नूतन पोरीला घेऊन कापड आणायला बाजारात गेली. मुलगा राजदीप कामावर होता. मीराबाईंनी दार लोटलं आणि मोबाईलची बत्ती लावली. सूनबाईला खोटं पाडायचं, हाच विचार मनात होता.

चादर काढली. चादरीवर काही नव्हतं. उशा पाहिल्या, त्याही साफ. त्यांना जरा बरं वाटलं. मग गादीची कड बोटांनी उघडली, तर शिवणीत शाई शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले. धूळ असेल म्हणून त्यांनी ओला फडका फिरवला. धूळ निघून गेली असती. हे ठिपके तांबूस होऊन फडक्यावर पसरले. शिवणीच्या घडीत कोंड्यासारखी पातळ, पोकळ टरफलं अडकली होती. पलंग सागवानाचा. त्याच्या पायाला जिथं आडवी फळी बसते, त्या फटीत त्यांनी हेअरपिन घातली, आणि मसुराच्या दाण्याएवढं, तांबडं, चपटं काहीतरी बाहेर येऊन पळायला लागलं.

"गोचीड असन," त्या मोठ्यानं म्हणाल्या. शेजारी इंदुताईंच्या बकऱ्या होत्या, तिकडून आली असेल. पण लहानपणी त्यांनी स्वतः बकऱ्या राखल्या होत्या. गोचीड अंगाला घट्ट चिकटून बसते, अशी तुरुतुरु पळत नाही. त्यांनी ती चिरडली. फडक्यावर रक्त उमटलं आणि वास आला. उग्र, गोडसर, कुबट. हा वास त्यांना ठाऊक होता. आई अंगणात खाट उभी करून तिच्यावर उकळतं पाणी ओतायची, तेव्हा हाच वास यायचा.

मीराबाई खाली फरशीवर बसल्या. त्यांना रडू आलं. इतकी वर्षं झाडलं, पुसलं, धुतलं, आणि तरी हे पलंगात. मग गादी त्यांच्या ध्यानात आली. धाकटा कुलदीप चंद्रपूरची भाड्याची खोली सोडून नागपूरला नोकरीवर गेला, तेव्हा आईच्या कमरेला आराम पडावा म्हणून आपली गादी इथं ठेवून गेला होता. पोरानं प्रेमानं दिलेली गादी. त्याला काय बोलणार? क्षणभर वाटलं, गादी गुपचूप नाल्यापलीकडे टाकून यावी, कोणाला कळणारही नाही. पण पलंगाच्या फटीत शिरलेल्यांचं काय? आणि पोरीच्या पाठीचं?

नूतन परत आली, तेव्हा त्या पलंगाजवळच उभ्या होत्या.

"नूतन, तुहं खरं निघालं. ये, पाह."

सुनेनं वाकून पाहिलं. ती हसली नाही, की 'मी म्हटलं होतं ना' असंही म्हणाली नाही. पदर खोचत ती म्हणाली, "आमच्या आरमोरीले बी झाले होते. माह्या आईनं लाजेपायी वर्षभर कोणाले सांगितलं नाई. आई, त्याईले घर साफ हाय का घाण हाय, काई समजत नाई. माणूस झोपते तिथी ते येते."

"मंग आता?"

"आता ऊन हाय ना आपलं!"

आणि चंद्रपूर जिल्ह्याचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय विचारता! दुसऱ्या दिवशी सकाळीच राजदीपनं पलंगाचे नटबोल्ट काढले. फळ्या एकेक करून अंगणात आल्या. मीराबाई चुलीवर पाणी उकळत होत्या आणि नूतन प्रत्येक फटीत ते ओतत होती. गादी काळ्या ताडपत्रीत घट्ट बांधून स्लॅबवर टाकली. चादरी, उशांचे अभ्रे, मच्छरदाणी, सगळं उकळत्या पाण्यात.

तेवढ्यात कुंपणापलीकडून इंदुताईंचा आवाज आला. "काऊन वो मीराबाई, पलंग काऊन सोडला? रंग देऊन राह्यल्या का?"

इंदुताई म्हणजे धानाची शेती असलेल्या घरच्या. इतकी वर्षं शेजार. बोलणं कुंपणावरून, चहा झालाच तर ओसरीत. तिच्या आत कधी बोलावणं नव्हतं. मीराबाईंच्या हातातलं पातेलं थांबलं. 'हो, रंग देतो' म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. त्यांनी संबोधीकडे पाहिलं. पोर जांभळाच्या सावलीत पाठ खाजवत बसली होती.

"ढेकूण झाले, बाई," त्या म्हणाल्या. "गादीतून आले."

मीराबाईंनी नजर खाली वळवली नाही. मग इंदुताई कुंपणाशी आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पोलक्याची बाही वर सारली. दंडावर तांबड्या गांधींची रांग होती.

"मले वाटलं गरमीच्या पुळ्या हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पावडर लावून लावून थकलो. ते ओळखाचं कसं असते वो? मले तर दिसतच नाई."

"दिसत नाई, शोधा लागते. येऊ का पाहाले?"

विचारून झाल्यावर मीराबाईंना कळलं आपण काय विचारलं ते. इंदुताई जराशा घुटमळल्या. मग त्यांनी कुंपणाची कडी काढली. "या ना. आतच हाय दिवाण."

ओसरी ओलांडून मीराबाई पहिल्यांदा त्या घरात आत गेल्या. आतली खोली अंधारी, नीटनेटकी होती. दोघी दिवाणाजवळ गुडघ्यांवर बसल्या. मीराबाईंनी मोबाईलची बत्ती धरली, इंदुताईंना गादीची शिवण उघडायला लावली, काळे ठिपके दाखवले, ओल्या फडक्याची परीक्षा करून दाखवली. एक ढेकूण पळताना दिसला तशी इंदुताई जोरात किंचाळल्या, आणि दोघींना इतकं हसू लोटलं की बाहेरून नूतन धावत आली.

त्या दुपारी इंदुताईंचा दिवाणही अंगणात आला. उचलायला एका बाजूनं मीराबाई होत्या, दुसऱ्या बाजूनं इंदुताई.

एका दिवसात हे संपणारं नव्हतंच. अंडी राहिली असतील म्हणून नूतननं दहाबारा दिवसांनी पुन्हा सगळं सोडायला लावलं. मीराबाईंच्या पलंगात तेव्हा दोनच पिल्लं सापडली, तांदळाच्या कणीएवढी. फटी त्यांनी पुट्टीनं बुजवून टाकल्या. कुलदीपलाही फोन लावला. तो ओशाळला, तर म्हणाल्या, "अरे, मनाले नको लावू. तुह्या बॅगेच्या शिवणी मातर एकदा पाहून घे."

मृगाच्या सुमारास एका सकाळी संबोधी उठली ती थेट अंगणात मांजरामागे पळाली. मीराबाईंनी तिला धरून फ्रॉक वर केला. पाठीवर नवा एकही डाग नव्हता. जुने पुसट होत चालले होते.

"सोड ना आजी," पोर म्हणाली, आणि त्यांनी सोडलं.

कुंपणाची कडी तेव्हा उघडीच होती. इंदुताई आतून हाक मारत होत्या, "मीराबाई, चहा ठेवला वो. आत या."