सव्वाआठची गाडी

चौदा नंबरची गाडी शहराबाहेरच्या चार वस्त्या गोळा करत स्टँडला जायची. सकाळच्या फेरीला ड्रायव्हर ती असायची. सव्वाआठला गाडी पाण्याच्या टाकीपाशी आली, की थांब्यावर तिचे बाबा उभे असायचे. त्यांना कुठे जायचं नसायचं. एकतीस वर्षं याच डेपोत ड्रायव्हर होते; निवृत्त झाले तरी पाय थांब्याकडेच वळायचे. आई गेल्यावर टाकीजवळच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. आमच्याकडे चला म्हटलं, की म्हणायचे, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर गाडीचा आवाज कुठला यायला!"

रोज खिडकीशी येऊन काहीतरी ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "चढाला दुसरा गिअर टाक, इंजिन रडतंय." नाहीतर, "क्लचवरचा पाय काढ गं, तो काय पाट आहे?" माणसं हसायची. तीही हसायची. सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, तेव्हा तिला स्टिअरिंगवर बसवणारे हेच तर होते.

एके दिवशी बाबा ब्रेकच्या आवाजावर बोलत सुटले आणि चार मिनिटं गेली. कचेरीत जाणाऱ्या एका बाईंनी तक्रार केली. स्टँडवरच्या कंट्रोलरनं मेमो तिच्या हातात ठेवला. "वडिलांशी गप्पा घरी मारायच्या, बाई."

दुसऱ्या दिवशी बाबा खिडकीशी आले, तेव्हा ती अजून धुमसत होती.

"बाबा, पुरे झालं! तुमची नोकरी संपली. मला मेमो मिळालाय तुमच्यापायी. माझी तरी नीट करू द्या."

बाबांनी खिडकीवरचा हात काढून घेतला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "हो पुढे."

त्यानंतर ते थांब्यावर दिसले नाहीत. पहिल्या दिवशी तिला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला. "रुसायला मी काय लहान आहे?" असं म्हणून त्यांनी विषय बदलला. सुट्टीच्या दिवशी जाऊन माफी मागायची, असं तिनं ठरवलं. नेमका त्या दिवशी एक ड्रायव्हर आजारी पडला आणि ड्यूटी तिच्या गळ्यात आली. जाऊ पुढच्या सुट्टीला, म्हणाली.

दहाव्या दिवशी टाकीच्या थांब्यावर तिघं चढले, कंडक्टरनं बेल मारली आणि गाडी अगदी घड्याळाच्या काट्यावर निघाली. तिला बरंही वाटलं.

पुढची फेरी करून ती दहाला स्टँडवर चहा पीत होती. कंट्रोलर स्वतः केबिनबाहेर आला. "बाबांना दवाखान्यात नेलंय. नऊच्या गाडीतून आणलं. तू निघ, तुझी फेरी मी बघतो."

ती पोचली तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. "हार्ट अटॅक. वाटेतच गेले," डॉक्टर म्हणाले. "अर्धापाऊण तास आधी आले असते तर काही करता आलं असतं."

चौथ्या दिवशी थांब्याजवळचा शिंपी भेटायला आला. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला.

"ताई, सांगावं की नाही कळत नाही. आठलाच ते माझ्या दुकानात आले होते, छाती धरून. मी म्हटलं, रिक्षा बघतो. तर म्हणाले, एवढं काही नाही, बसनंच जातो. तेवढ्यात तुमची गाडी आली. मी हात करायला उठलो, तर त्यांनी माझा सदराच धरला. म्हणाले, 'नको. मला असं बघून ती गाडी थांबवून ठेवेल. पुन्हा मेमो मिळेल पोरीला. मागच्या गाडीनं जातो.'"

तिला रडूही आलं नाही. "मग?" एवढंच तिनं विचारलं.

"मग काय. गाडी वळेपर्यंत बघत होते. म्हणाले, 'चढाला दुसरा बरोबर टाकला.'"

शिंपी गेला. ती तिथेच भिंतीला टेकून बसली. पाणी आणायला आत गेलेला नवरा तांब्या घेऊन आला. "काय म्हणत होता? शेवटी काही बोलले का बाबा?"

"नाही," ती म्हणाली.

"बरं झालं. म्हणजे फार त्रास झाला नसेल."

"हो," ती म्हणाली, आणि तिच्या घशातून असा काही आवाज फुटला, की नवऱ्याच्या हातातून तांब्या निसटला.

कामावर रुजू होताना तिनं दुसरा मार्ग मागून घेतला.