चुन्याच्या रेघेत आलेला तरवड

मित्रांनो, निमगाव केतकीच्या माळावर उभा असलेला मी एक जुना तरवड आहे. कमरेएवढी उंची आणि पिवळीधम्मक फुलं. शेळीसुद्धा मला तोंड लावत नाही, म्हणून लोक मला बिनकामाचं झुडूप समजतात. समजोत बापडे!

मुरमात मूळ धरताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. पण एकदा जम बसला आणि मी फुललो. माझ्या बुडाशी चंडोल घरटं करायचा, भोवती मेंढरांचं गवत वाढायचं. नवरात्रात मेंढपाळ झुंबरआबांची बायको बनाबाई घटाच्या माळेसाठी माझी फुलं न्यायची. "लई नटलास की रं!" ती म्हणायची, आणि मला भारी आनंद व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या सुयोगने पोरं जमवली. माळ उजाड दिसतो, तो हिरवा करायचा म्हणे! मन चांगलं होतं हो त्याचं. झुंबरआबाही खूश झाले. "मेंढरांना सावली व्हईल," म्हणाले.

एकटी बनाबाई कुरकुरली, "आन् घटाला फुलं कुठनं आणू?"

"काकू, झेंडूचा हार देतो की आणून," सुयोग हसत म्हणाला.

जेसीबी आला. त्याने माझे भाऊबंद मुळासकट उपटले. चंडोलाचं घरटं ढिगाऱ्याखाली गेलं. माझीही निम्मी मुळं तुटली, पण खड्ड्याच्या काठावर मी कसाबसा तगलो. पावसाळ्यात पोरांनी रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या उन्हाळ्यात ती एकजात वाळून गेली. उकरलेल्या मुरमावर गवतही उगवलं नाही. झुंबरआबा आणि बनाबाई मेंढरं घेऊन नरसिंहपूरकडे गेले, ते अजून परतले नाहीत. मला फार एकटं वाटतं.

यंदा माझ्या उरलेल्या फांद्यांना शेंगा धरल्या. त्या वाळून तडकल्या की बी माळावर सांडेल, माझा वंश राहील, एवढीच आशा होती. पण काल सुयोग पुन्हा आला. "औंदा खड्डे मोठे घिऊ, मंग जगत्याल झाडं," तो म्हणाला आणि त्याने चुन्याची फक्की ओढली. ती रेघ थेट माझ्या बुंध्यावरून गेली आहे.

मित्रांनो, झाडं जरूर लावा. पण खड्डा घेण्याआधी तिथे कोण राहतंय, एवढं तरी वाकून बघा. सुयोगने बघितलं नाही. जेसीबी चढाला लागलाय. माझ्या शेंगा अजून हिरव्या आहेत.