काटा बिघडला होता

मी वजनकाटा बोलतोय. पाड्यावरच्या अंगणवाडीत आढ्याला टांगलेला, ताटलीएवढ्या गोल तोंडाचा. पहिलंच सांगून ठेवतो, पुढे येईल त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. सुई जिथं थांबते तेवढंच मी बोलतो, अशी माझी ख्याती आहे. आता ती ख्यातीही मीच पसरवलेली, ती गोष्ट वेगळी. आणि आढ्याला मी सध्या टांगलेलोही नाही. आतल्या खोलीत तेलाच्या रिकाम्या डब्यांवर पालथा पडलोय. तेवढं सोडलं तर बाकी सगळं खरं.

माझा जन्म साहेबाच्या देशात झाला, असं इथल्या उंदरांना मी सांगतो. खोक्यावर कुठलं नाव होतं ते मला काही वाचता आलं नाही. पोटात एक स्प्रिंग, खाली एक हूक, हुकाला कापडी चड्डी आणि चड्डीत मूल, असा माझा संसार. ताकद पंचवीस किलोची. एकदा शेजारच्या मळ्यातला केळीचा घड गंमत म्हणून मला लावला होता. एकवीस किलो भरला. उंदरांकडे पोचेपर्यंत तो एकतीस झाला.

महिन्यातून एकदा पाड्यावरची चाळीस पोरं माझ्याखाली लटकायची, पाय झाडायची, मुतायची. आकडा कमी आला की आयांची कारणं सुरू. आत्ताच हगलं. काल ताप होता. बापावर गेलंय, बापही तसलाच काडी. बोलताना माझ्याकडे कुणी बघत नाही, ताईच्या तोंडाकडे बघतात.

ताई म्हणजे गायत्री, इथली सेविका. राहायला खालच्या गावात. ऊस आणि केळीच्या शेतांमधून पाऊण तास चालून यायची. आल्यावर मदतनीस बेबीबाई खिचडी टाकणार, ही पोरं शिकवणार, घरोघरी फिरणार, मोबाइलात सगळं भरणार. रेंज नसली की दगडावर चढून भरणार.

सुरुवातीला पाड्यावरच्या बाया मला लांबूनच बघायच्या. पोर तोललं की त्याला दृष्ट लागते, आणि आईच्या हातानं तोललं तर हमखास लागते, असं इथं मानतात. फुलीबाई नावाची एक तर पोराला पदराखाली घेऊनच बसली.

"ताई, पोर काय धान्य शे का तोलाले?"

"धान्य ऱ्हातं तर चोख तोलीसन लेती तू," गायत्री म्हणाली. "काट्यानी दृष्ट लागस नही, फुलीबाई. दे आठे त्याले."

फुलीबाई हसली आणि पोर दिलं. त्या दिवसापासून पाड्यावर दृष्टीचं नाव निघालं नाही. आपल्या पाड्यावर एकही मूल लाल रंगात नाही, हे गायत्री मीटिंगला मान वर करून सांगायची. लाल म्हणजे वजन फार कमी.

गायत्रीला एक मुलगी होती, भूमिका. दहा महिन्यांची होईपर्यंत ती कडेवरच यायची, पाड्यावरच्या पोरांत रांगायची, त्यांच्यातलीच खिचडी दोन बोटं चाटायची. एक दिवस हीच फुलीबाई हसत हसत म्हणाली, "ताईनी पोर आम्हनी खिचडीवर मोठी व्हई ऱ्हायनी."

मनात काही नव्हतं बाईच्या. बेबीबाईही हसली. गायत्री मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून भूमिका घरी, आजीजवळ.

पुढचं मला कसं ठाऊक, असं विचाराल. पावसाळ्यात अंगणवाडीचं छप्पर गळतं, म्हणून मी गंजू नये यासाठी ती मला पिशवीत घालून घरी न्यायची आणि खुंटीला अडकवायची. तिथून सगळं घर दिसायचं.

सासू रंजनाबाईंचे गुडघे गेलेले. पोरीच्या मागे घास घेऊन फिरणं त्यांच्यानं होईना. पोर रडली की चहात बिस्कीट बुडवून देत. नवरा हेमकांत केळीचे ट्रक भरणाऱ्या टोळीत. घरी यायचा तो दोन्ही खिशांत वेफरच्या पुड्या घेऊन. पुडीचा कुरकुर आवाज ऐकला की पोर धावत जाऊन त्याच्या पायाला मिठी मारायची.

"कितल्या पुड्या आनतस तुम्ही?" गायत्री म्हणायची. "मग ती भाकर खास नही."

"आख्खा दिनमा हाईच येळ ती मले दिखस. हासू दे ना तिले."

आणि गायत्रीही मीटिंगला शहाद्याला गेली की स्टँडवरून क्रीमची बिस्किटं घेऊन यायची. पाड्यावर आयांना पुड्या देऊ नका म्हणून घसा कोरडा करणारी हीच बाई. दिवसभर आपण नव्हतो, ते आईबाप असं चिमूटभर चिमूटभर भरून काढत होते, आणि पोरीच्या पोटात भुकेला जागाच राहत नव्हती. आठ पावलांवर मी खुंटीला लटकलेला. पण पोरीला माझ्याखाली कुणी आणलं नाही.

श्रावणात रंजनाबाई नात्यातल्या मयतीला गेल्या. हेमकांत कामावर. भूमिका पुन्हा कडेवर बसून पाड्यावर आली. दीड वर्षाची. त्या दिवशी नेमकी वजनं होती, म्हणून पिशवीतून मीही आलो होतो.

तिला उचलताच बेबीबाईचा चेहराच बदलला. "ताई, हाई तर पाखरूसारखी लागस. तोल बरं."

"ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे?"

गायत्रीनं वहीत डोकं घातलं. मग म्हणाली, "मायना हातनी दृष्ट लागस."

ओट्यावर फुलीबाई पोराला घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, पण बोलली काही नाही. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

मग गायत्रीनं स्वतःच पोरीला चड्डीत घातलं. भूमिका रडलीसुद्धा नाही, आईच्या बांगड्यांकडे बघत लटकली. खरं वजन सात किलो शंभर. लालमधलं लाल. पण वर बघणाऱ्या त्या बाईचे डोळे असे होते, की माझी हिंमत होईना. मी पोटातली स्प्रिंग सैल सोडली. सुई सरकत सरकत आठ किलो सहाशेवर नेली आणि तिथंच दम धरून थांबलो. आठ सहाशे म्हणजे हिरवा. गायत्रीनं श्वास सोडला आणि तेच लिहिलं.

दीड महिन्यानं पोरीला जुलाब लागले. शहाद्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्यावर भरली सहा किलो सहाशे. एकवीस दिवस ती आणि गायत्री एका कॉटवर होत्या. गायत्रीची रजा संपली, मग बिनपगारी, मग तीही संपत आली. पोर वाचली. पाय अजून काडीसारखे आहेत. आईनं उचललं की अंग ताठ करते आणि आजीकडे हात पसरते.

नंतर पर्यवेक्षिका बाई आल्या. वही उघडून म्हणाल्या, "गायत्री, दीड महिन्यात मूल दोन किलो उतरतं? हे वजन घेतलं कसं?"

"मॅडम, काटा बिघडला होता," गायत्री म्हणाली.

बाईंनी बेबीबाईकडे पाहिलं. बेबीबाई पातेलं घासत राहिली. त्याच दिवशी मला खाली काढलं. आढ्याखाली आता चपटा, आकडे उजळणारा नवा काटा आहे. माझी रवानगी डब्यांवर.

आता माझी थाप कबूल करून टाकतो. दया आली, स्प्रिंग सैल सोडली, सुई सरकवली, हे सगळं मी रचलं. मला तसलं काही करता येत नाही. त्या दिवशी मी सात किलो शंभरच दाखवले होते, आणि तिथून सुई हललीसुद्धा नव्हती. गायत्रीनं आकडा वाचला. बेबीबाईनंही वाचला. मग गायत्रीनं ओट्यावर बसलेल्या फुलीबाईकडे पाहिलं आणि आठ सहाशे लिहिलं.

ती आता दर सोमवारी भूमिकेला घेऊन येते. नव्या काट्यावर उभी करते, उतरवते, पुन्हा उभी करते. भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

"बेबीबाई, तो जुना काटा बिघडेलच व्हता ना?"

"हा ताई. बिघडेलच व्हता."

तुम्ही कधी पाड्यावर आलात आणि तिनं तुम्हाला विचारलं, तर तुम्हीही हो म्हणा.